आई-वडिलांसह पॅरिस आणि रोम: दहा दिवसांत काय ठेवावे, काय सोडावे

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मूळचे सांगलीचे आणि नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेले एक वाचक लिहितात की, येत्या मे महिन्याच्या मध्यावर ते पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि आई-वडील यांच्यासह प्रथमच युरोपला जाणार आहेत. वडील ७२ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आईचे वय ६७. गुडघेदुखीमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. हाताशी दहा दिवस आहेत आणि त्यांत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम बसवणारा तक्ता त्यांनी तयार केला आहे. बहीण म्हणते, सरळ ग्रुप टूर घे. पत्नीला तक्ता पाहूनच धाप लागते. आई म्हणतात, “तुम्ही न्याल तिथे येऊ.” वाचकांचा प्रश्न असा: “आई-बाबांचे पुन्हा युरोपला जाणे होणार नाही. मग एकही महत्त्वाचे ठिकाण सुटू नये आणि त्यांची दमछाकही होऊ नये, हे कसे जमवावे?”

तुमच्या प्रश्नातल्या दोन अटी एकाच वेळी पूर्ण होणाऱ्या नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. दहा दिवसांत पाच ठिकाणे म्हणजे चार वेळा मुक्काम हलवणे. प्रत्येक हलवणुकीत सकाळी बॅगा भरणे, हॉटेल सोडणे, स्टेशन गाठणे, गाडीतला प्रवास, नवे हॉटेल शोधणे आणि दुपारी तीनपर्यंत खोली मिळत नाही म्हणून बॅगा ठेवण्याची सोय पाहणे, एवढे सगळे येते. पाच माणसांचा, त्यातही दोन ज्येष्ठांचा, त्यात किमान अर्धा दिवस जातो. पोहोचण्याचा आणि परतण्याचा दिवस वजा केल्यावर तुमच्या तक्त्यात प्रत्यक्ष पाहण्यासाठी जेमतेम सहा दिवस उरतात. “पुन्हा जाणे होणार नाही” या विचाराने तुम्ही ठिकाणे वाढवत गेला आहात. मला मात्र त्याच कारणासाठी ती कमी करावीशी वाटतात. ज्याला पुन्हा यायचे आहे, त्याला एखादी धावती भेट परवडते. तुमच्या आई-वडिलांना ती परवडणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आईंच्या वाक्याची. “तुम्ही न्याल तिथे येऊ” हे वाक्य आपल्याकडच्या बहुतेक घरांत ऐकू येते आणि मुले ते होकार म्हणून घेतात. आयुष्यभर इतरांच्या सोयीने चाललेल्या माणसाची ती सवय असते. त्यांना काही पाहायचे नाही असा त्याचा अर्थ नव्हे. तुमच्या पत्रात तुमची, पत्नीची आणि बहिणीची मते आहेत. आई-वडिलांपैकी कोणाला काय पाहण्याची इच्छा आहे, याविषयी एकही ओळ नाही. “तुला काय बघायचंय?” असे विचारले तर पुन्हा तेच उत्तर मिळेल, म्हणून प्रश्न निवडीचा करावा: डोंगर की शहर? चित्रे की बागा? उंचावर जायचे की खालून पाहायचे? एखाद्या रविवारी दुपारी टीव्हीवर या ठिकाणांचे साधे व्हिडिओ लावून बसा आणि त्या कुठे थांबून प्रश्न विचारतात ते पाहा. मुलीलाही हाच प्रश्न विचारावा. प्रत्येकाची एक गोष्ट नक्की झाली की तक्ता आपोआप लहान होऊ लागतो.

माझी शिफारस पॅरिसमध्ये पाच रात्री, रोममध्ये चार आणि मध्ये दोन तासांचे विमान अशी आहे. तिकीट मुंबई ते पॅरिस आणि रोम ते मुंबई असे घ्यावे, म्हणजे परतीसाठी पुन्हा पॅरिसला यावे लागणार नाही. वडील इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे रोम सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. मात्र आईंचे उत्तर “डोंगर” असे आले, तर पॅरिस आणि स्वित्झर्लंड अशीही जोडी लावता येईल. तिथे आगगाडी आणि रोपवेने बरेच वर जाता येते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास कमी होतो. पण तिथले युंगफ्राउयोख हे डोंगरावरचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे, म्हणून रक्तदाब असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच जावे. व्हेनिस मी निःसंकोच वगळेन. तिथल्या कालव्यांवरचे बहुतेक पूल पायऱ्यांचे आहेत आणि एका दिवसाच्या भेटीत बॅगा घेऊन ते ओलांडणे ही शिक्षाच होईल.

आता बहिणीच्या सूचनेविषयी. ग्रुप टूरला नाक मुरडण्याचे कारण नाही. भारतीय जेवण, मराठी बोलणारा टूर मॅनेजर, दाराशी बस आणि आजारी पडल्यास धावून येणारी माणसे, हे फायदे ज्येष्ठांसाठी खरे आहेत. अडचण वेगाची आहे. सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर, आठला बस आणि चाळीस माणसांचे घड्याळ. गुडघे दुखत असले तरी बस थांबत नाही. त्या मार्गाने जायचे ठरलेच, तर माहितीपत्रक बारकाईने वाचा. “दर्शन”, “फोटो स्टॉप” आणि “प्रवेश” या तीन शब्दांत फार अंतर असते. रोममधल्या कलोसियम या प्राचीन क्रीडागारापुढे “बाहेरून दर्शन” लिहिले असेल तर तुमचे वडील रस्त्यावर उभे राहून फोटो काढतील आणि बसमध्ये बसतील. कोणत्या हॉटेलात सलग किती रात्री आहेत आणि ते शहरापासून किती दूर आहे, हेही विचारावे. एक मधला मार्ग मला अधिक पसंत आहे: सहल स्वतःची आखावी आणि ज्या ठिकाणी सांगणारा माणूस हवा, तिथेच दोन-तीन तासांसाठी परवानाधारक स्थानिक गाइड घ्यावा.

कामांचा क्रम नीट लावला तर अर्धी धावपळ वाचते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे फ्रान्स, इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मुंबई-पुण्यातल्या केंद्रांत वेळ मिळणे कठीण होते, म्हणून फेब्रुवारीपलीकडे थांबू नका. अर्ज जिथे जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत फ्रान्सकडे, करायचा असतो. जून २०२४ पासून व्हिसाचे शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मात्र केवळ व्हिसापुरती स्वस्त पॉलिसी न घेता, वडिलांच्या रक्तदाबासारखे आधीपासूनचे आजार तिच्यात धरले आहेत का, ते वाचावे. हॉटेले रद्द करता येण्याजोगी निवडावीत. युरोपच्या सीमेवर आता पहिल्या प्रवेशाच्या वेळी फोटो घेऊन नवी नोंद केली जाते (बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात; बारा वर्षांखालील मुलांचे घेत नाहीत), त्यामुळे पोहोचण्याच्या दिवशी कोणतेही वेळेचे तिकीट काढू नका.

वेळेची तिकिटे हा या सहलीतला सर्वांत कळीचा भाग आहे. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटे अधिकृत संकेतस्थळावर साधारण ६० दिवस आधी, तर कलोसियमची ३० दिवस आधी खुली होतात आणि मे महिन्यात ती लवकर संपतात. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारे संकेतस्थळ अनेकदा मध्यस्थाचे असते आणि तेच तिकीट दुप्पट दराने विकते. “रांग टाळा” असे लिहिलेले महाग तिकीट तिकीटखिडकीची रांग टाळते, सुरक्षातपासणीची नव्हे. कलोसियमचे तिकीट नावानिशी असते आणि दारात ओळखपत्र पाहतात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडूनच छापलेले असते. तिकीट काढताना घाईत ते गाळले जाते आणि पाच जणांची पाच तऱ्हेची नावे होतात. पासपोर्ट समोर ठेवूनच अर्ज भरा. पॅरिसचे लूव्र संग्रहालय आणि कलोसियम या दोन्ही ठिकाणी अठरा वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे, पण वेळ मुलीच्याही नावाने राखून ठेवावी लागते.

त्यानंतर सुट्टीचे वार. लूव्र मंगळवारी बंद असते. ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात. व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात; महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती काही तास विनामूल्य उघडतात आणि त्या दिवशीची गर्दी पाहता तो फुकटपणा महाग पडतो. बुधवारी सकाळी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पोपची सार्वजनिक भेट असते, म्हणून तिथल्या बॅसिलिकासाठी, म्हणजे मोठ्या चर्चसाठी, दुसरा वार निवडावा. कागदावर आधी हे वार लिहा, मग ठिकाणे भरा, आणि एका दिवसाला वेळेचे तिकीट एकच असू द्या. दुसरे तिकीट काढले की पहिल्या ठिकाणी कोणी बाकावर बसले तरी तुमची नजर घड्याळाकडे जाईल. ते एक तिकीटही सकाळचे असावे, कारण उन्हाळ्यात पॅरिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि पहाटे उठणारे आई-वडील पहिले काही दिवस तिथल्या तीन-चार वाजताच जागे होतील. सकाळी ते ताजेतवाने असतील आणि संध्याकाळी सातला पेंगतील.

लूव्रविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक निराशा मी तिथून परतलेल्यांच्या तोंडून ऐकतो. बहुतेक जण काचेच्या पिरॅमिडमधून आत शिरतात, बाणांच्या मागे धावत मोनालिसापर्यंत जातात आणि गर्दीत हात उंच करून फोटो काढतात. ते चित्र ७७ गुणिले ५३ सेंटिमीटरचे आहे, पॉपलर लाकडाच्या फळीवर रंगवलेले आणि काचेआड ठेवलेले. कठड्यामागून, लोकांच्या मोबाइलांच्या वरून, ते जेमतेम ओळखू येते. त्याच दालनात, अगदी समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराने रंगवलेली, बायबलमधल्या काना गावची लग्नाची पंगत आहे. सुमारे पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद असे हे लूव्रमधले सर्वांत मोठे चित्र. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते व्हेनिसहून उचलून आणले. वाढपी, वादक, कुत्री, मद्य ओतणारा माणूस, शंभरावर चेहरे. आणि त्याच्याकडे पाठ करून शेकडो लोक उभे असतात. तुम्ही मोनालिसाला एकदा पाहून मागे वळा. मुलीला त्या पंगतीत कुत्री किती आहेत ते मोजायला सांगा, आणि आईंना तोवर टेकता येईल अशी जागा शोधा. लूव्रमध्ये दोन तासांहून अधिक थांबू नये. चार-पाच कलाकृती घरूनच निवडून ठेवाव्यात. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडे असते, पण वर सांगितलेल्या कारणासाठी तुम्ही सकाळीच जावे.

तिथे चाकाची खुर्ची ओळखपत्र ठेवून विनामूल्य मिळते. आईंना ती सुचवताना थोडी हुशारी लागेल. “तुझ्यासाठी खुर्ची घेतो” असे म्हटले की नकार ठरलेला. पाच जणांच्या पिशव्या ठेवायला घेतली आहे, अधूनमधून तू बस, असे सांगितले तर बहुतेक वेळा जमते.

आयफेल टॉवरला दुसऱ्या मजल्यापर्यंतचे लिफ्टचे तिकीट पुरे. तिथपर्यंत ६७४ पायऱ्यांचा जिनाही आहे, तो तुमच्या उपयोगाचा नाही. अगदी वरून शहर सपाट नकाशासारखे दिसते. दुसऱ्या मजल्यावरून इमारती ओळखता येतात. शिवाय वर जाणाऱ्या लिफ्टसाठी दुसरी रांग लागते. काचेच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत आणि वारा बोचरा असतो, म्हणून आईंसाठी शाल घ्यावी. टॉवरची रोषणाई पाहण्याचा हट्ट मात्र जरा तपासून घ्या: मेच्या मध्यावर पॅरिसला सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, म्हणजे दर तासाला पाच मिनिटे होणारा तो लखलखाट रात्री दहाला पाहावा लागेल. आई-वडिलांना झोपू द्या. तुम्ही दोघे आणि मुलगी जाऊन या, किंवा फक्त तुम्ही दोघे जा. पाचही जणांनी प्रत्येक वेळी एकत्र असलेच पाहिजे, असा नियम कोणी केलेला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला प्रवेशशुल्क नाही. वेळही विनामूल्य राखून ठेवता येते, तेव्हा त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बंद करावे.

पॅरिसची मेट्रो वेगवान आहे, पण जुन्या स्थानकांत लिफ्ट क्वचितच असते. मार्ग बदलताना लांब बोगदे आणि जिने लागतात. आईंसाठी बस उत्तम. बसायला जागा मिळते आणि खिडकीतून शहरही दिसते. मेट्रोचे आणि बसचे तिकीट आता वेगळे असते, हे ध्यानात ठेवा. हॉटेल निवडताना खोलीच्या सजावटीपेक्षा इमारतीत लिफ्ट आहे का, ते पाहावे. जुन्या इमारतींत ती नसणे मुळीच दुर्मिळ नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहांचा प्रश्न ज्येष्ठांना सतावतो, पण संकोचामुळे ते बोलत नाहीत आणि दिवसभर पाणी कमी पितात. पॅरिसच्या पदपथांवरची स्वच्छतागृहे विनामूल्य आहेत. इटलीत एक कॉफी घेऊन कॅफेतली सोय वापरण्याची रीत आहे. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त आणि टेबलाशी बसून घेतली तर महाग असते. आईंसाठी बसण्याचे पैसे खुशाल मोजा.

रोमकडे वळू. निघण्यापूर्वी सांगलीहून एक दिवस कोल्हापूरला जाऊन या, असे सुचवतो. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनकाळी रोमशी चाललेल्या व्यापारातून ती पंचगंगेकाठी आली. आजोबांनी नातीला ती मूर्ती दाखवली, तर रोमचा इतिहास त्यांच्याकडूनच तिला कळेल आणि सहलीत त्यांचे स्थान “सांभाळून न्यायचे माणूस” यापेक्षा बरेच वर जाईल.

कलोसियममध्ये लिफ्टची सोय आहे. त्याच तिकिटावर रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलाटाइन टेकडीही पाहता येते, आणि इथेच बहुतेक कुटुंबे फसतात: तिकीट आहे म्हणून भर उन्हात फोरममध्ये उतरतात. तिथले दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड उंचसखल आहेत आणि सावली नावालाच. संपूर्ण फोरम कॅपिटोलाइन टेकडीच्या मागच्या कठड्यावरून विनामूल्य आणि अधिक चांगला दिसतो. आई आणि मुलगी तिथे थांबल्या आणि वडील गाइडबरोबर खाली गेले, तरी कोणाचे काही बिघडणार नाही. पॅन्थिऑन हे प्राचीन रोमन मंदिर मी आईंच्या खास यादीत घालेन. आत चढउतार नाही, जुलै २०२३ पासून तिकीट लागते, आणि डोक्यावर ४३ मीटर व्यासाचा, सम्राट हेड्रियनच्या काळातला काँक्रीटचा घुमट असतो. मधल्या गोल भोकातून उन्हाचा कवडसा भिंतीवर सरकत असतो आणि तो बसूनही पाहता येतो.

व्हॅटिकन संग्रहालयांत दालनांमागून दालने चालून गेल्यावर सिस्टीन चॅपेल हे प्रार्थनामंदिर येते, म्हणून वाटेत शक्ती राखून चालावे. आत फोटो आणि बोलणे दोन्ही मना आहे. भिंतीकडेच्या बाकांवर जागा मिळेपर्यंत थांबा, बसा आणि मगच मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलेल्या छताकडे मान वर करा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात; साडीला अर्थातच अडचण नाही, मुलीसाठी एक ओढणी जवळ असू द्या. सेंट पीटर्सच्या घुमटावर लिफ्टने गच्चीपर्यंत गेले तरी पुढे ३२० पायऱ्या उरतात. ते सरळ सोडून द्या. रोमच्या फरसबंदीसाठी जाड तळव्याचे, आधीच वापरून पायात बसलेले बूट हवेत. सहलीसाठी घेतलेले नवे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात.

खाण्याच्या पिशवीविषयी एक सावधगिरी. युरोपीय संघात प्रवाशाने सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याची पोळी घरीच ठेवावी. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू यांना अडचण येऊ नये. ताजी फळेही बहुतांशी चालत नाहीत; केळी, नारळ, अननस आणि खजूर मात्र चालतात. वडिलांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह असाव्यात. संकटात ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. आईंचे मन मोडू नये म्हणून काळ्या मण्यांची साधी पोत पुरे. पॅरिसमध्ये साक्रे-कर या टेकडीवरच्या चर्चच्या पायथ्याशी मनगटावर दोरा बांधू पाहणारे आणि सहीसाठी कागद पुढे करणारे लोक भेटतील. न थांबता चालत राहावे. मेट्रोत दाराजवळ उभे असताना फोन हातात नको. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते निघण्यापूर्वी सुरू करून घ्या, आणि यंत्राने रुपये की युरो असे विचारले तर युरो निवडा. रुपयांचा दर यंत्राचा असतो आणि तो नेहमी चढाच असतो. आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ पासून यूपीआय चालते, पण त्यावरून सगळीकडे ते चालेल असे समजू नका.

खरेदी शेवटच्या दोन दिवसांत, रोममध्येच करावी. इटलीत एका दुकानात ७० युरोंहून अधिक खरेदी झाली की विक्रीकराचा काही भाग परत मिळू शकतो. फ्रान्समध्ये ही मर्यादा १०० युरोंची आहे. दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज मागून घ्यावा लागतो. त्याची तपासणी युरोप सोडताना, म्हणजे रोमच्या विमानतळावर, होते आणि वस्तू पाहायला मागू शकतात; म्हणून मोठी बॅग विमानात देण्यापूर्वीच त्या खिडकीवर जावे आणि त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी निघावे.